कोरडी टाकी घेऊन घाटाखाली

माझ्या अक्षराचं आधीच सांगून ठेवते. माझी ओळ सरळ राहत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत कळलं नव्हतं आणि पुढे शाळाच नव्हती. कापडावर खडूने रेघ मारायची सवय हाताला आहे, पेनाची नाही. म्हणून शुद्धलेखन चुकेल, काही गोष्टी दोनदा येतील. ही वही कुणी वाचलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं.

फेब्रुवारीत आम्ही तीन दिवस घाटाखाली जाऊन आलो. आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत आंबा घाट कधीच न पाहिलेल्या पुष्कळ बायका आहेत. परत आल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, कसा झाला प्रवास. मी म्हटलं, चांगला झाला. चारचौघींत मला एवढंच बोलता येतं. राहिलेलं इथे लिहिते.

निघण्याआधीचं

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. घराखालीच छोटं दुकान आहे आणि बाजाराच्या दिवशी गारगोटीला जाऊन बसतात. मी ब्लाउज शिवते. सामान न्यायला तीन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. गल्लीत चारचाकी मोजक्याच, त्यामुळे आमची व्हॅन निम्म्या गल्लीची झाली. कुणाला दवाखान्यात जायचं, कुणाला पाहुणे स्टँडवर सोडायचे, तालमीच्या फुटबॉल संघाला सामान मैदानावर न्यायचं. किल्ली दाराजवळच्या खुंटीला असते हे सगळ्यांना माहीत. हे घरी नसले की मागायला येणाऱ्याच्या तोंडाला मी. आणि मला नाही म्हणता येत नाही. समोरच्याचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही.

गाडी नेणारा जेवढं फिरायचं तेवढंच पेट्रोल घालतो आणि काटा तळाला टेकवून गाडी परत लावतो, ही आमच्याकडची रीत. त्यातून मला एक युक्ती सुचली. घरखर्च माझ्या हातात असतो. ह्यांनी पेट्रोलला पैसे मागितले की मी दोनशेच द्यायची. जास्त मागितले तर म्हणायची, उद्या देते की. त्यामुळे टाकी कायम कोरडी. मग कुणी किल्ली मागायला आलं की दारातूनच सांगायचं, "गाडीत पेट्रोल न्हाय ओ." खोटं बोलणं मला जमत नाही, म्हणून मी ते खरं करून ठेवलं होतं. पंपापर्यंत जायचं आणि खिशातले पैसे घालायचे म्हटल्यावर निम्म्या लोकांना रिक्षा बरी वाटायची. ह्यांना वाटायचं, बायको काटकसरी आहे. दोन वर्षं हे असं चाललं. यात कुणाचं काही बिघडत नाही अशी माझी समजूत होती.

आमची एकुलती लेक मनीषा. तिला रत्नागिरीच्या अलीकडे, पालीपासून आत एका वाडीत दिली आहे. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायचं, असं आम्ही ठरवलं होतं. फोनवर ती रोज एकच विचारायची, "आई, कधी येताय?" तिच्या आवाजावरून मला कळायचं की तिथे तिचं वाईट चाललेलं नाही, पण रात्री झोप लागत नाही आणि आपलं माणूस जवळ हवं आहे.

पहिला दिवस, मलकापूरपर्यंत

सकाळी आठला निघालो. मागच्या सीटवर लाडवांचा डबा, चटणीची बरणी, मनीषासाठी सैल शिवलेले दोन गाऊन आणि माझ्या दहा भाकरी. भाकरींचं कारण पुढे सांगते. प्रवासाला म्हणून चार हजार रुपये मी पदराच्या गाठीला नाही, ब्लाउजच्या आतल्या खिशात ठेवले होते. तसला खिसा मी सगळ्याच ब्लाउजांना लावते. निघताना हे म्हणाले, "पाचशेचं टाकूया काय?" तोंडातून सवयीने गेलं, "दोनशेचं टाका, पुढं बघू."

शिवाजी पुलावरून नदी ओलांडली की उसाचे फड लागतात. गुऱ्हाळं चालू होती. काच खाली केली की गरम काकवीचा वास आत यायचा आणि पाठोपाठ रस्त्याची धूळ, कारण रस्ता रुंद करायचं काम जागोजागी चाललं आहे. वाघबीळजवळ डावीकडे पन्हाळ्याचा डोंगर दिसतो. तिथे थांबून चहा घेतला. तोवर सगळं नीट होतं.

बांबवडे सोडल्यावर चढाला गाडी गचके देऊ लागली. गाडीला उचकी लागल्यासारखं वाटायचं. ह्यांनी गिअर बदलून बघितला, ॲक्सिलरेटर दाबून बघितला. एका चढावर ती बंदच पडली. ऊन डोक्यावर आलं होतं. वीस मिनिटं बाभळीखाली बसलो आणि परत किल्ली फिरवली तर चालू. हे खूश होऊन म्हणाले, "बघ, दमली हुती." पुढे अशीच दोनदा दमली. मलकापूरच्या अलीकडे एका गॅरेजच्या समोर, म्हणजे अगदी दारात, ती कायमची थांबली.

गॅरेजवाले इसाकभाई साठीचे असतील. दाढी पांढरी, हात काळे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. ते बॉनेट उघडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. ह्यांना म्हणाले, "पावणं, किल्ली अर्धी फिरवा आणि गप ऱ्हावा." मग मागच्या सीटजवळ वाकून कान लावला. दोनदा फिरवायला लावली. फ्यूज काढून बघितला, घातला. मग गाडीखाली झोपून त्यांनी एका लाकडी ठोकळ्याने टाकीला खालून हळूच दोन टोले दिले आणि म्हणाले, "आता फिरवा."

मागून झूं असा बारीक आवाज आला आणि गाडी चालू झाली.

हे म्हणाले, "झालं की काम."

"काम कशाचं हुतंय," इसाकभाई बाहेर येत म्हणाले. "मढं उठून बसलंय. किती वेळ बसतंय सांगता यायचं न्हाय. पेट्रोलचा पंप जळत आलाय. गाडी रिझर्ववर फिरवत असणार तुम्ही."

"न्हाय ओ. रोजच्या रोज पेट्रोल घालतो मी."

"कितीचं?"

"दोनशेचं."

इसाकभाई हसले. "म्हंजे रिझर्ववरच की. ह्यो पंप टाकीच्या आत पेट्रोलात बुडलेला असतोय. पेट्रोल वर खेचतोय आणि त्याच पेट्रोलानं सवता गार हुतोय. तुमी त्याला कोरडा ठेवला. तव्यावर बसवल्यागत."

हे माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "आमच्या मालकीणबाई पैसे मोजून देतात."

मी खाली बघितलं. शिवणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. बिनतेलाचं मशीन पळवलं तर आतली लोखंडं एकमेकांना खातात. आवाज बदलतो, चाक जड होतं, आणि एक दिवस अडकून बसतं. ह्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं आहे. आमच्याच गाडीत मी ते करून ठेवलं होतं, आणि लेकीला आणायच्या वेळेला.

इसाकभाईंच्या घरातून त्यांच्या बायकोने, जैनबभाभींनी, मला आत बोलावलं. पाणी दिलं, चहा दिला. कुठे निघालात विचारलं. मी सांगितलं, लेकीला बाळंतपणाला आणायला. त्या म्हणाल्या, "येताना घाट चढायचा हाय मग." एवढंच म्हणाल्या. उतरताना इंजिनाला ओढ नसते. चढताना गाडीत मनीषा असणार होती.

नवा पंप कोल्हापुरातून मागवायचा, संध्याकाळी येईल, मग टाकी उतरवायची, म्हणजे एक दिवस जाणार. हे ऐकेनात. म्हणाले, तिकडं सगळे वाट बघत असतील, परत आल्यावर कोल्हापुरात करू. इसाकभाईंनी वाद घातला नाही. म्हणाले, "मग टाकी गळ्यापर्यंत भरून घ्या. पंप गार राहील. तरी बंद पडलाच तर खालनं ह्या जागी चपलंनं मारायचं." जागेवर खडूने फुली मारून दिली. आपला नंबर दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "टोल्याचे काय पैसे घ्यायचे."

पुढच्या पंपावर टाकी भरली. एवढी भरलेली मी कधी बघितली नव्हती. साडेतीन हजाराला थोडे कमी गेले. माझा खिसा जवळजवळ रिकामा झाला.

घाट उतरताना, आणि वाडी

आंबा गावाच्या पुढे जंगल सुरू होतं आणि हवा एकदम गार होते. मग एका वळणावर डोंगर संपतो. खाली निळ्या धुरासारखी दरी, तिच्यापलीकडे डोंगराच्या रांगा. पहिल्यांदा आले तेव्हा उलटीच्या भीतीने मी डोळे मिटून बसले होते. या वेळी मिटले नाहीत. कान मागे पंपाकडे लावले होते, त्यामुळे पोटाची आठवण झाली नाही. कठड्यावर माकडं रांगेने बसली होती. खाली उतरलो तशी माती तांबडी झाली, घरं कौलारू झाली, आणि आंब्यांना मोहोर एवढा की झाडाची पानं दिसेनात.

मनीषा दारात उभी होती. चेहरा भरला होता, पाय सुजले होते. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती नुसती उभी राहिली. व्याही आणि विहीणबाई दोघंच घरी होती. जावई चिपळूणला कामाला असतात, ते रविवारी येतात.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी आणि सोलकढी होती. आता माझ्या भाकरींचं सांगते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न खायचं नाही, हे माझी आई पाळायची. तिने पाळलं म्हणून मीही भाकरी बांधून नेल्या होत्या. मी ओसरीच्या कोपऱ्यात फडकं सोडलं. विहीणबाई बघत राहिल्या.

"हे काय हो, विहीणबाई?"

मी हळू आवाजात सांगितलं.

"आमच्यात नाय हो तसलं काय," त्या म्हणाल्या. मग माझ्या भाकरीकडे वाकून बघत, "ज्वारीची काय? द्या इकडे एक. तुम्ही आमचं नका खाऊ, मी तुमचं खाते." आणि खरोखर त्यांनी माझी भाकरी पिठीला लावून खाल्ली. म्हणाल्या, "जाड आहे, पण गोड आहे." मला हसू आलं. सोलकढी तेवढी मी घेतली. ती अन्नात मोडत नाही असं हे म्हणाले. ह्यांना ती फार आवडली होती, बहुतेक म्हणून.

रात्री मनीषा माझ्याजवळ झोपली. म्हणाली, "उद्या नक्की जाऊया ना?" मी हो म्हटलं.

दुसरा दिवस

सकाळी तिची पिशवी गाडीत ठेवली. ओटी भरून झाली. ह्यांनी किल्ली फिरवली. मागून आवाज नाही. हे उतरले आणि चप्पल घेऊन गाडीखाली गेले. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. पाहुणा स्वतःच्या गाडीला चपलेने मारतो आहे हे बघून कुणाला हसू आवरेना. गाडी चालू झाली, माडाच्या दोन झाडांएवढी पुढे गेली आणि बंद पडली. परत चप्पल, परत तेच. चौथ्या वेळी चपलेचा पट्टा तुटला.

व्याही शांत माणूस. पण ते म्हणाले, "पाहुणे, राग मानू नका. ही गाडी घाटात बंद पडली तर काय करायचं? पोरीला सातवा महिना आहे. तिला इथेच राहू दे. पालीला दवाखाना आहे, आम्ही करू सगळं."

हे म्हणाले, "गाडीला काही झालेलं न्हाय. कालच्या पंपावरचं पेट्रोल भेसळीचं असणार."

"पेट्रोल असो की काय असो. तुम्हाला एक गाडी नीट ठेवता येत नाही, आणि तिच्यात गरोदर पोर बसवायची म्हणता."

"आमची लेक हाय ती. आम्हाला काळजी न्हाय व्हय?"

आवाज चढत चालले. मनीषा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. आता हिचं जाणं राहिलं तर दोन्ही घरांत कायमची अढी बसणार आणि ही मधे सापडणार, हे मला दिसलं. आणि कालपासून हे जो बोल स्वतःवर घेत होते, तो माझा होता.

मी बोलले. जमिनीकडे बघूनच बोलले, पण सगळं बोलले. किल्ली मागायला येणारे लोक, मला न येणारं नाही, दोनशे रुपये, कोरडी टाकी. शेवटी म्हटलं, "ह्यांचा दोष न्हाय आणि पेट्रोलाचाबी न्हाय. पंप मी जाळलाय. नवा बसवा, पण लेकीला न्यायचं थांबवू नका."

ह्यांनी हातातली तुटकी चप्पल खाली ठेवली. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "दोन वर्षं? आणि मी म्हणतोय ही काटकसर करती."

मग विहीणबाई हसायला लागल्या. ओसरीच्या पायरीवर बसूनच हसल्या. "अहो विहीणबाई, मी काय वेगळं करते? वाडीत नारळ काढायची शिडी आमचीच. रोज कोणतरी मागतो, आणि नेली की महिनाभर येत नाय. म्हणून मी तिची मधली एक पायरी काढून ठेवते. मोडलीय म्हणून सांगते."

व्याह्यांनी मान वळवली. "कधीपासून काढतेस पायरी?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"म्हणजे गेल्या शिमग्याला मी पडलो ते..."

विहीणबाईंचं हसणं थांबलं. "मला काय ठाऊक तुम्ही चढाल ते. एरवी कधी चढलात?"

"महिनाभर कंबर शेकत होतो मी. आणि शेकायला हीच."

आधी शेजारी हसले, मग हे हसले. शेवटी व्याह्यांनाही हसू आलं, पण कंबरेवर हात ठेवून. ते म्हणाले, "पंप इथे बसवा. अंगणात माझ्या डोळ्यांदेखत बसवा. मग चाचणीला गाडी साखरप्यापर्यंत फिरवून आणा. मगच पोरीला पाठवीन." ह्यांनी मान डोलावली.

इसाकभाईंना फोन लावला. ते म्हणाले, पंप एसटीने पाठवतो, तिकडचा कुणी मेकॅनिक बसवील. पलीकडून जैनबभाभींचा आवाज ऐकू आला, "कुणी कशाला? लेक घाटातनं आणायची हाय. तुमीच जावा." इसाकभाईंनी कालच, आम्ही न सांगता, कोल्हापुरातून पंप मागवून ठेवला होता. आज ना उद्या आम्ही परत येणार हे त्यांना ठाऊक होतं.

प्रश्न पैशाचा होता. पंप अठ्ठावीसशे, मजुरी सातशे. माझ्या खिशात पाचशे उरले होते. मोबाइलवरून पाठवायचे तर खात्यात असायला हवेत, आणि ह्यांच्या खात्यात महिन्याच्या त्या दिवसांत काही नसतं. हे व्याह्यांना विचारायला तयार नव्हते. मी त्यांच्या घरचं अन्न खात नव्हते, पैसे कसे घेणार. विहीणबाईंनी मला माजघरात बोलावलं. तांदळाच्या पिंपात हात घालून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली आणि साडेतीन हजार मोजून माझ्या हातात दिले. "हे ह्यांना ठाऊक नाय. तुमच्यासारखीच मी."

मी म्हटलं, "पुरे परत करीन."

"करा. कोण नको म्हणतंय?"

त्या रात्री मी त्यांच्या घरचं जेवले. आधी पैसे घेतले होते, मग भाकरीचा सोवळेपणा मला खोटा वाटायला लागला. आई असती तर काय म्हणाली असती माहीत नाही.

इसाकभाई एसटीने बाराला उतरले. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात पंपाचा खोका. आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे त्यांनी स्वयंपाकघरातली चूल विझवायला लावली, सगळ्यांच्या विड्या बंद केल्या आणि बॅटरीची वायर सोडली. टाकी उतरवायची तर ती रिकामी पाहिजे, आणि आम्ही ती कालच गळ्यापर्यंत भरली होती. काढलेलं पेट्रोल ठेवायला विहीणबाईंनी खोबरेल तेलाचे डबे आणले. इसाकभाईंनी एकात बोट फिरवलं आणि डबा परत दिला. "ह्यात पाण्याचा थेंब हाय. पाणी म्हंजे पंपाला जहर." मग वाडीभर फिरून कोरडे कॅन गोळा केले. पेट्रोल त्यांनी बारीक जाळीच्या गाळणीतून ओतून घेतलं.

टाकी उघडल्यावर त्यांनी मला बोलावलं. ह्यांना नाही, मला. "भाभी, हे बघा." तळाला तांबूस गाळ होता, ओल्या हळदीसारखा, आणि पंपाच्या तोंडाची जाळी त्याने बुजून गेली होती. "प्रत्येक टाकीत थोडा गाळ असतोयच. पेट्रोल भरपूर असलं तर तो तळाला पडून ऱ्हातोय. पेट्रोल संपत आलं की पंप तळाचं खरवडून खातोय." जुना पंप त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा, बॉबिनच्या डब्याएवढा. एका बाजूने काळपट झालेला.

त्यांनी सांगितलेलं मी लक्षात ठेवलं ते असं. काटा पाव टाकीच्या खाली येऊ द्यायचा नाही. पेट्रोलचा फिल्टर वेळच्या वेळी बदलायचा. तो चोंदला तर पंपाला जोर लावून ढकलावं लागतं आणि तो लवकर मरतो. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर त्या वेळी पेट्रोल घ्यायचं नाही, खालचा गाळ ढवळलेला असतो. बाटलीतून किंवा डब्यातून घालायची वेळ आली तर आधी डबा बघायचा. आणि किल्ली अर्धी फिरवून दोन-तीन श्वास थांबायचं. झूं आवाज होऊन बंद झाला की मग सुरू करायची. तो आवाज मोठा झाला, किंवा गाडी चालताना मागून रडल्यासारखा यायला लागला, तर बंद पडायची वाट न बघता दाखवायचं.

"शिवायच्या मशीनला तेल घालता न्हवं?" त्यांनी विचारलं.

"घालते."

"मग ह्याला पेट्रोल हेच तेल समजा."

चूल बंद असल्यामुळे दुपारचं जेवण शेजारच्या घरातून आलं. इसाकभाईंना कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी इतकी आवडली की त्यांनी कशी करतात ते विचारून घेतलं, जैनबभाभींना सांगायला. चारला गाडी सुरू झाली. व्याही स्वतः पुढच्या सीटवर बसले आणि साखरप्यापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर मनीषाची पिशवी उचलून पुन्हा गाडीत ठेवली.

तिसरा दिवस, चढ

इसाकभाई रात्री तिथेच राहिले आणि सकाळी आमच्याबरोबर निघाले. ते पुढे बसले, मी आणि मनीषा मागे. तिच्या पाठीला उशी आणि कुशीला गोधडी. घाट सुरू झाला तशी तिने माझा हात धरला. मीही तिचा धरला. एका वळणावर मालाचा ट्रक अडकला होता, त्याच्यामागे चढावरच थांबावं लागलं. हे इंजिन बंद करणार होते, इसाकभाई म्हणाले, "चालू ऱ्हाऊ द्या, ऐकतोय मी." पंधरा मिनिटं आम्ही चौघंही ऐकत बसलो. आवाज एका सुरात होता. ट्रक सरकला, ह्यांनी पहिला गिअर टाकला, आणि गाडी एकही गचका न देता चढली.

मागे दरीत धुकं होतं आणि त्यातून आंब्याच्या झाडांचे शेंडे वर आलेले. मनीषा म्हणाली, "लग्न झाल्यापासून ह्या वाटेनं चारदा गेले, पण आज पहिल्यांदा बघितलं." मी म्हटलं, "मीबी."

आंब्याला उतरून वडे खाल्ले. मलकापूरला जैनबभाभींनी मनीषाच्या पदरात खारका घातल्या. इसाकभाईंना एसटीचं भाडं देऊ केलं तर म्हणाले, "येताना तुमच्या गाडीतनं आलो की. फिटलं." दुपारी दोनला आम्ही पेठेत पोहोचलो. गाडीत अजून निम्मी टाकी पेट्रोल होतं.

घरी आल्यावर

तिसऱ्याच दिवशी समोरचे आण्णा किल्ली मागायला आले. हे गारगोटीला एसटीने गेले होते. मी दारात उभी राहिले. म्हणायला सोपं असं माझ्याजवळ आता काही नव्हतं. म्हटलं, "आण्णा, घरात सातव्या महिन्याची लेक हाय. गाडी दाराशी पाहिजे. बाळंतपण हुईपर्यंत देणार न्हाय."

आण्णा म्हणाले, "बरं. मग तसं आधी सांगायचं न्हाय व्हय? मी आपलं दर वेळी पेट्रोलचा हिशेब करत बसतोय." आणि गेले. त्यांचं तोंड उतरलं नव्हतं. काहींचं उतरलं. तालमीतला एकजण दोन महिने बोलला नाही, मग आपणहून बोलायला लागला.

मनीषाला मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या आणि व्हॅन पहिल्याच किल्लीला निघाली.

विहीणबाईंचे पैसे मी माझ्या शिवणाच्या पैशांतून फेडायचे ठरवले. लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग होता. हजार जावयांच्या हातून पाठवले, बंद पाकिटात, वर "आईंसाठी" लिहून. हजार तसेच पुढच्या महिन्यात. राहिलेले पंधराशे बारशाला त्या आल्या तेव्हा दिले. स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून दिले. त्या नको म्हणाल्या नाहीत. घेतले, बाहेर गेल्या आणि पाळण्यात बाळाच्या उशाखाली ठेवले.

मी ते काढून घेऊन त्यांच्यामागे गेले. म्हटलं, "बाळाला द्यायचे तर वेगळे द्या. हे माझे हायत, म्हंजे तुमचे हायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चटईवर बसून त्यांनी नोटा एक-एक करून मोजल्या, नीट घडी घातली आणि कनवटीला लावल्या.

"पुरे साडेतीन हजार आले," त्या म्हणाल्या. "आता जेवायला वाढा."